पनवेल बंदर आणि एक नवे प्रजासत्ताक : प्रस्तावना

नोव्हेंबर १७७८ च्या अखेरीस मुंबईहून निघालेली इंग्रजी फौज पनवेलला उतरली. मुंबईहून पुण्याला जायचे म्हणजे होडीने खाडीतून पनवेल गाठायचे आणि तिथून चौक, खालापूर, खोपोली करत बोरघाट चढायचा, ही त्या काळची नेहमीची वाट. फौजेत सुमारे ३,९०० माणसे होती. त्यांत सहाशेच्या आसपास गोरे, बाकीचे देशी शिपाई. सामान वाहायला १९,००० बैल. बरोबर रघुनाथराव होते. त्यांना पुण्याला नेऊन कारभार त्यांच्या हाती द्यायचा, असा मुंबईकर इंग्रजांचा बेत होता.

ही मोहीम आपण शाळेत शिकलो ती राघोबादादांच्या हट्टाची आणि बारभाईंच्या कारस्थानाची गोष्ट म्हणून. ती तशी आहेच. पण मुंबईकरांनी रघुनाथरावांना इतकी वर्षे पोसले आणि नेमके १७७८ सालीच घाटावर चढवले, ते का? पुण्यातल्या मोरोबा फडणीसांच्या बंडाने थोडे उत्तर मिळते, सगळे मिळत नाही. उरलेले उत्तर उत्तर अमेरिकेत, हडसन नदीकाठच्या सॅराटोगा नावाच्या गावी सापडते. तिथे ऑक्टोबर १७७७ मध्ये जनरल बर्गोइनच्या इंग्रजी फौजेने अमेरिकन बंडखोरांपुढे शस्त्रे खाली ठेवली. ते पाहून फ्रान्सने फेब्रुवारी १७७८ मध्ये बंडखोरांशी उघड तह केला, आणि इंग्लंड-फ्रान्स युद्धाची बातमी त्या जुलैत कलकत्त्याला येऊन थडकली. पुण्याच्या दरबारात फ्रेंच माणूस आधीच येऊन गेलेला होता. मुंबईच्या कौन्सिलला आता थांबवणारे कोणी उरले नाही.

हे पुस्तक अमेरिकन प्रजासत्ताकाच्या पहिल्या चाळीस वर्षांविषयी आहे, म्हणजे साधारण १७७५ ते १८१५. त्या काळातले तिथले राजकारण, तिथला भूविस्तार, तिथली युद्धे. पनवेलच्या माणसाने हा विषय का घ्यावा, असे मला अनेकांनी विचारले. माझे म्हणणे असे की हा परक्यांचा इतिहास नाहीच. आपल्या खाडीतून, आपल्या घाटातून जे युद्ध गेले त्याचा हा दुसरा अर्धा भाग आहे, आणि तो वाचल्याशिवाय आपला अर्धा भाग नीट उमगत नाही.

दोन्ही अर्ध्यांची गाठ १७७३ साली पडली. त्या वर्षी ३० ऑगस्टला शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. त्याच वर्षी लंडनच्या पार्लमेंटात ईस्ट इंडिया कंपनीला दिवाळखोरीतून वाचवण्याची खटपट चालली होती. १७७० च्या दुष्काळाने बंगाल उजाड केला होता, फौजांचा खर्च वाढत होता, भागधारकांना लाभांश तर हवाच होता, १७७२ मध्ये लंडनचा पतबाजार हादरला होता आणि कंपनीच्या वखारींत न खपलेला चहा साठून राहिला होता. पार्लमेंटने दोन कायदे केले. एकाने कंपनीला तो चहा थेट अमेरिकेत नेऊन विकायची सवलत दिली. वसाहतींवरचा चहाचा कर मात्र ठेवला. दुसऱ्याने बंगालच्या गव्हर्नरला गव्हर्नर जनरल केले आणि मुंबई-मद्रासने त्याला विचारल्याशिवाय युद्ध किंवा तह करायचा नाही असे ठरवले.

पहिल्या कायद्याचे फळ १६ डिसेंबर १७७३ ला बॉस्टनच्या बंदरात दिसले. ३४२ पेट्या चहा समुद्रात गेला. चहा चीनचा होता, कंपनी आपल्या चांगल्याच ओळखीची. दुसऱ्या कायद्याचे फळ आपल्या वाट्याला आले. मुंबईकरांनी कलकत्त्याला न विचारता डिसेंबर १७७४ मध्ये ठाण्याचा किल्ला घेतला आणि मार्च १७७५ मध्ये सुरतेला रघुनाथरावांशी तह करून साष्टी-वसई लिहून घेतली. कलकत्त्याने तो तह अमान्य केला, कर्नल अप्टनला पाठवून १ मार्च १७७६ रोजी पुरंदरला नवा तह केला, आणि तोही धड पाळला नाही. मधल्या काळात गुजरातेत अडासला लढाई झाली ती १८ मे १७७५ रोजी. मॅसॅच्युसेट्समध्ये लेक्झिंग्टनला पहिली गोळी सुटली होती १९ एप्रिलला. महिन्याचे अंतर. म्हणून या पुस्तकाचे पहिले प्रकरण बॉस्टनच्या धक्क्यावर सुरू होत नाही. ते बंगालच्या दुष्काळापासून सुरू होते.

नाना फडणीसांना अमेरिकेची बित्तंबातमी होती असा दावा मी करणार नाही. पण फ्रेंच आणि इंग्रज यांच्यातले वैर कुठे आणि किती कामी येईल, याचा अंदाज त्यांच्याइतका त्या वेळी हिंदुस्थानात फार थोड्यांना होता. १७७७ च्या वसंतात सेंट ल्युबिन नावाचा फ्रेंच माणूस चौलला उतरून पुण्यात आला. त्याच्या कागदपत्रांबद्दल आणि अधिकारांबद्दल तेव्हाही शंका होती, आजही आहे. नानांनी त्याचे स्वागत थाटात केले. पुण्यातला इंग्रज वकील मॉस्टिन हे पाहत होता, आणि त्याने ते पाहावे हाच त्या थाटाचा अर्धा हेतू असावा. चौलचे बंदर फ्रेंचांना मिळणार या धास्तीने मुंबई आणि कलकत्ता दोन्ही अस्वस्थ झाली. वॉरन हेस्टिंग्जने तर सरळ लिहिले की पश्चिमेकडे इंग्रजांचे काही गेले असेल, तर पूर्वेकडच्यांनी ते भरून काढायला कंबर कसली पाहिजे. याच विचाराने बंगालची फौज बुंदेलखंडातून पश्चिमेकडे निघाली. अमेरिकेत गमावलेले हिंदुस्थानात वसूल करायचे, हे धोरण यॉर्कटाउनच्या शरणागतीच्याही आधीचे आहे.

आता पनवेलहून वर चढलेल्या फौजेकडे पुन्हा येऊ, कारण तिची चाल बारकाईने पाहण्यासारखी आहे. कॅप्टन स्टुअर्टने पुढे जाऊन घाट ताब्यात घेतला होता. मुख्य फौज डिसेंबरच्या चौथ्या आठवड्यात खंडाळ्याला पोचली. तिथून कार्ल्यापर्यंतचे आठ मैल चालायला तिला अकरा दिवस लागले. महादजी शिंदे, तुकोजी होळकर आणि हरिपंत फडके यांनी मोकळ्या मैदानात अडवण्याऐवजी ही फौज आत येऊ दिली. मागची रसद तोडली, बाजूने तोफा-बंदुका चालवत ठेवल्या, पुढची गावे रिकामी केली, वैरण जाळली. कार्ल्याजवळ स्टुअर्ट मारला गेला. मावळातल्या लोकांनी या शूर शत्रूला 'इष्टुर फाकडा' केले आणि वडगावला त्याची समाधी आजही दाखवतात. जानेवारीच्या नवव्या तारखेला फौज तळेगावला पोचली तर गाव जळत होता. पुणे तिथून अठरा मैलांवर. पुढे जाण्याची हिंमत झाली नाही. अकराच्या रात्री जड तोफा तळ्यात लोटून फौज गुपचूप मागे वळली आणि वडगावला चोहीकडून वेढली गेली. तिथे करार झाला : १७७३ पासून घेतलेला सारा मुलूख परत, बंगालहून येणारी फौज माघारी, रघुनाथराव बाहेर. रघुनाथराव स्वतःच महादजींच्या स्वाधीन झाले.

सॅराटोगाची मोहीम याच्या शेजारी ठेवून वाचावी. बर्गोइनही कॅनडातून अवजड सामान घेऊन निघाला, जंगलात रोज मैल-मैल रस्ता करत गेला. झाडे तोडून वाट अडवणारे, पूल मोडणारे, पीक उचलून नेणारे लोक त्याच्या समोर होते. त्याचीही फौज लढाईपेक्षा भुकेने आणि थकव्याने मोडली. आणखी एक साम्य तर थक्क करणारे आहे. सॅराटोगाला जे लिहिले गेले त्याला दोन्ही बाजूंनी शरणागती न म्हणता करार म्हटले, आणि वडगावलाही तेच. सॅराटोगाचा करार पुढे अमेरिकन काँग्रेसने पाळला नाही. इंग्रज कैद्यांना ठरल्याप्रमाणे मायदेशी जाऊ दिले नाही. वडगावचा करार मुंबईच्या कौन्सिलने फेटाळला. महादजींनी आपण पकडलेली फौज सोडून दिली होती, काँग्रेसने आपली सोडली नाही. यात महादजींची चूक झाली असे म्हणणारे इतिहासकार आहेत. मला ते पटते. वेढलेली फौज हाती असताना कागदावर विश्वास टाकण्याची गरज नव्हती.

या वाटेवर दुसरी मोठी लढत १७८१ ची. वसई जिंकून आलेल्या जनरल गॉडर्डने फेब्रुवारीत बोरघाट घेतला आणि पुण्याला धाक घालत पायथ्याशी तळ दिला. त्याचे सारे अन्न पनवेलहून वर चढत होते. परशुरामभाऊ पटवर्धन, हरिपंत फडके आणि होळकर यांनी पनवेल ते खोपोली या वाटेवरचे तांडे पकडून पकडून गॉडर्डला जेरीस आणले. एप्रिलमध्ये त्याने तळ उचलला आणि पनवेलपर्यंत लढत, मार खात मागे आला. साडेचारशेहून अधिक माणसे मेली किंवा जखमी झाली. पनवेलच्या इतिहासात एवढे महत्त्वाचे तीन दिवस दुसरे नसतील. गावात त्यांची खूण नाही.

त्याच वर्षी १९ ऑक्टोबरला यॉर्कटाउनला लॉर्ड कॉर्नवॉलिसने हत्यार टाकले. कॉर्नवॉलिसची गोष्ट तिथे संपत नाही. १७८६ मध्ये तो गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला आला, आणि १७९१-९२ मध्ये टिपूविरुद्ध श्रीरंगपट्टणला त्याच्या बरोबर जे मराठे सरदार होते ते हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन. गॉडर्डला पनवेलच्या वाटेवर सळो की पळो करणारे हेच दोघे. दहा वर्षांत जग किती फिरले याचा दाखला म्हणून मला ही छावणी वारंवार आठवते.

अमेरिकन बंडखोरांनाही इकडची जाण होती, हे आपल्याकडे फारसे ठाऊक नाही. नाना, हैदर, निजाम आणि नागपूरकर भोसले यांची इंग्रजांविरुद्ध जूट झाल्यावर हैदरअलीचे नाव अटलांटिकपलीकडे पोचले. पेन्सिल्व्हेनियाच्या आरमारातल्या एका जहाजाचे नावच 'हैदर अली' होते. एप्रिल १७८२ मध्ये त्याने डेलावेअरच्या उपसागरात आपल्याहून बळकट इंग्रजी जहाज पकडले. आणि अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातली शेवटची लढाई अमेरिकेत झालीच नाही. ती जून १७८३ मध्ये आपल्या पूर्व किनाऱ्यावर, कडलूरला झाली.

सालबाईचा तह १७ मे १७८२ चा, पॅरिसचा ३ सप्टेंबर १७८३ चा. दोन्हीकडे इंग्रजांना माघार घ्यावी लागली, आपल्याकडे साष्टी त्यांच्याकडे राहिली तरी. इथून पुढची वीस वर्षे मला या विषयातली सर्वांत मोलाची वाटतात, आणि पुस्तकाचा मोठा भाग त्यांना दिला आहे. कारण युद्ध संपल्यावर अमेरिकेतल्या तेराही राज्यांची अवस्था आपल्या सरदारांहून फार निराळी नव्हती. प्रत्येकाचा खजिना वेगळा, चलन वेगळे, सीमेचे तंटे. मध्यवर्ती काँग्रेसला कर बसवायचा अधिकार नव्हता. जून १७८३ मध्ये पगार थकलेल्या शिपायांनी फिलाडेल्फियात काँग्रेसला घेरले आणि सभासदांना गाव सोडून जावे लागले. पुण्याच्या वाड्याबाहेर पगारासाठी धरणे धरणाऱ्या शिलेदारांची बखरींतली वर्णने वाचलेल्याला हे दृश्य नवे वाटणार नाही. १७८६ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे कर्जबाजारी शेतकरी हत्यारे घेऊन उठले. त्या भीतीतून १७८७ ची राज्यघटना आली.

मग कर्जाचा प्रश्न. युद्धासाठी राज्यांनी काढलेली कर्जे मध्यवर्ती सरकारने आपल्या डोक्यावर घ्यावीत, असे अलेक्झांडर हॅमिल्टनने १७९० मध्ये मांडले. व्हर्जिनियाने आपले बरेचसे देणे फेडले होते. इतरांचे ओझे का उचलायचे, म्हणून तिचा विरोध. महिनोन्महिने भांडण झाले आणि शेवटी सौदा झाला : कर्जे सरकारने घ्यायची, राजधानी दक्षिणेला पोटोमॅक नदीवर न्यायची. कोणालाच पुरते पटले नाही, पण हिशेब एका वहीत आला.

पुण्याला हेच भांडण दोन वर्षांनी झाले. महादजी शिंदे जून १७९२ मध्ये दक्षिणेत आले. उत्तरेतल्या मोहिमांवर आपला इतका खर्च झाला, तो सरकारने द्यावा, हे त्यांचे म्हणणे. नानांचे म्हणणे, उत्तरेतल्या मुलखाचा वसूल किती आला त्याचा झाडा आधी द्या. दोघांचेही म्हणणे खरे होते. दोघेही मोठे होते, दोघांनाही राज्य टिकावे असे मनापासून वाटत होते. हिशेब लागला नाही. फेब्रुवारी १७९४ मध्ये वानवडीला महादजी वारले. त्यानंतर खर्ड्याला, मार्च १७९५ मध्ये, सारे सरदार एका झेंड्याखाली एकदाच उभे राहिले, शेवटचे. मराठी राज्य का बुडाले याची शंभर कारणे सांगितली जातात. मला ते वानवडीच्या आणि पुण्याच्या मधल्या त्या दीड वर्षात, न लागलेल्या हिशेबात दिसते.

अर्थात न्याय दोन्ही बाजूंनी करायला हवा. अमेरिकनांना भांडायला सवड होती, कारण शत्रू तीन हजार मैल समुद्रापलीकडे गेला होता. आपला शत्रू ठाण्यात बसला होता, एका भरतीच्या अंतरावर. शिवाय त्यांचे भांडण मिटवायला त्यांच्याकडे एक चलन होते जे त्यांचे नव्हते : जमीन.

ही जमीन मायामी, शॉनी, डेलावेअर आणि इतर कितीतरी लोकांची होती. १७८७ च्या एका कायद्याने ओहायो नदीच्या उत्तरेकडच्या प्रदेशात नवी राज्ये कशी होतील आणि जुन्यांच्या बरोबरीने संघात कशी येतील हे ठरवले. कायदा म्हणून तो दूरदृष्टीचा आहे. तिथे राहणाऱ्यांना मात्र कोणी विचारले नव्हते. नोव्हेंबर १७९१ मध्ये त्यांनी जनरल सेंट क्लेअरची फौज कापून काढली. सहाशेहून अधिक सैनिक पडले. एवढा मोठा पराभव अमेरिकन फौजेने मूळ रहिवाशांकडून पुन्हा कधी पाहिला नाही. तीन वर्षांनी दुसरी, शिकवून तयार केलेली फौज आली आणि १७९५ मध्ये ओहायोचा बहुतेक मुलूख लिहून घेतला गेला. १८०३ मध्ये नेपोलियनने लुइझियाना विकले, दीड कोटी डॉलरला. हैतीच्या गुलामांनी त्याची फौज हरवल्यामुळे अमेरिकेतल्या साम्राज्याचा नादच त्याने सोडला होता. प्रजासत्ताकाचे क्षेत्र सुमारे दुप्पट झाले. त्याच वर्षी २३ सप्टेंबरला असईला शिंदे-भोसल्यांची फौज आर्थर वेलस्लीपुढे हरली.

या दोन जगांत प्रत्यक्ष वावरलेला एक माणूस आहे. मॅसॅच्युसेट्सचा जॉन पार्कर बॉइड १७८९ मध्ये हिंदुस्थानात आला, निजामाकडे आणि पुढे पेशव्यांकडे पलटण घेऊन चाकरीला राहिला, आणि १८०८ च्या सुमारास परत गेला. नोव्हेंबर १८११ मध्ये इंडियानात टिपेकनूला, टेकुमसेने उभारलेल्या मूळ रहिवाशांच्या संघावर जी फौज चालून गेली, तिच्यात गव्हर्नर हॅरिसनखालोखाल हा बॉइड होता. टेकुमसे त्या दिवशी दूर दक्षिणेत होता, आणखी जमातींना एकत्र यायला सांगत. एकेकट्याने केलेले जमिनीचे करार कोणी मानू नयेत, जमीन सगळ्यांची आहे, हे त्याचे म्हणणे. पुण्यात सरदारांची फाटाफूट पाहिलेला माणूस ते बोलणे मोडायला गेला होता.

१८१२ चे युद्ध त्यानंतरचे. खलाशी पळवणे, व्यापाराची अडवणूक, कॅनडाची हाव ही त्याची कारणे. ऑगस्ट १८१४ मध्ये इंग्रजांनी वॉशिंग्टन जाळले आणि डिसेंबरात जिथल्या तिथे तह झाला. टेकुमसे १८१३ मध्येच पडला होता. खरे हरले ते त्याचे लोक.

या युद्धाची झळ मुंबईलाही लागली. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोन अमेरिकन मिशनरी कलकत्त्याहून हाकलले जाण्याच्या बेतात असताना निसटून फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत आले. शत्रुराष्ट्राची माणसे, वर मिशनरी. त्यांना इंग्लंडला रवाना करण्याचा हुकूम होता. पुष्कळ अर्जविनंत्यांनंतर गव्हर्नर सर इव्हान नेपियन याने त्यांना राहू दिले. त्यांनी मराठी शिकून शाळा काढल्या, छापखाना काढला. याच मिशनचे काम पुढे अहमदनगरला वाढले. सावित्रीबाई फुले यांचे अध्यापनाचे शिक्षण तिथल्या शाळेशी जोडलेले आहे आणि 'ज्ञानोदय' तिथूनच १८४२ मध्ये निघाला.

आणि जोतीराव फुले. अमेरिकन बंडाला शब्द देणाऱ्या थॉमस पेनचे लेखन त्यांनी तरुणपणीच वाचले होते. १८७३ मध्ये 'गुलामगिरी' त्यांनी अमेरिकेतल्या त्या लोकांना अर्पण केली ज्यांनी गुलामांना मुक्त करण्यासाठी झीज सोसली. मराठीत अमेरिकन प्रजासत्ताकाविषयी याहून मोठे विधान कोणी केलेले मला माहीत नाही, कारण त्यांनी त्या देशाची परीक्षा घटनेच्या मजकुरावरून घेतली नाही, सर्वांत खालच्या माणसावरून घेतली. १७९० च्या पहिल्या शिरगणतीत त्या देशात सुमारे ३९ लाख माणसे होती आणि त्यांतली सात लाखांच्या आसपास गुलाम होती. प्रतिनिधींची संख्या ठरवताना घटना त्यांना पाच माणसांमागे तीन या दराने मोजत होती, आणि मत मालकाचे होते. हे कलम काढून टाकायला ऐंशी वर्षे आणि एक यादवी युद्ध लागले. १८७३ मध्येच, 'गुलामगिरी' छापली जात होती तेव्हा, कॅलिफोर्नियात अमेरिकन फौज मोडोक जमातीला तिच्या जमिनीवरून हुसकावण्यासाठी लढत होती. ते जोतीरावांपर्यंत पोचले असण्याचा संभव कमी.

म्हणून गुलामांचा आणि मूळ रहिवाशांचा इतिहास मी शेवटी वेगळ्या प्रकरणात ठेवलेला नाही. वॉशिंग्टन, जेफर्सन, मॅडिसन यांच्या प्रत्येक प्रकरणात तो आहे, जमीन कोणाची होती आणि ती कोणी कसली या दोन प्रश्नांसह. पनवेल, वडगाव, सालबाई आणि असई ही नावेही जिथे त्यांचे साल येते तिथे येतील.